पळापळ म्हणजे काम नव्हे

रुग्णालयातील कर्मचाऱ्यांची उत्पादकता हा विषय निघाला की दोन तट लगेच पडतात. एका तटावर हिशेब पाहणारे असतात. पगारावर एवढा खर्च होतो, तरी ओपीडीची रांग हलत नाही, डिस्चार्जचा कागद हातात पडायला संध्याकाळ होते, बेल दाबून दाबून बोट दुखते पण सिस्टर फिरकत नाही. तेव्हा अंगठ्याची हजेरी लावा, कॅमेरे बसवा, माणशी रोजचे उद्दिष्ट ठरवून द्या, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या तटावर सेवेची चाड असलेली माणसे असतात. रुग्ण म्हणजे कारखान्यातल्या पट्ट्यावरून सरकत जाणारा सुटा भाग नव्हे, जिथे जिवाशी गाठ आहे तिथे उत्पादकता हा शब्दच काढू नये, असे ती म्हणतात. पहिल्यांना दुसरे भाबडे वाटतात, दुसऱ्यांना पहिले निर्दय. वाद रंगतो, आणि खरी चौकशी ज्याची व्हायला हवी ती गोष्ट बाजूलाच राहते: आठ तासांची ड्युटी संपवून पाय ओढत घरी निघालेल्या माणसाच्या त्या आठ तासांतले रुग्णाच्या वाट्याला किती आले, आणि बाकीचे गेले कुठे?

माझे मत आधीच सांगून टाकतो. उत्पादकता मागितलीच पाहिजे, आणि तिचा आग्रह धरताना संकोच वाटण्याचे कारण नाही. कारण वाया गेलेल्या प्रत्येक तासाची किंमत कोणीतरी खाटेवर पडून मोजत असते. पण हा आग्रह आज ज्यांच्याकडे धरला जातो ती माणसे चुकीची आहेत. रुग्णालयातला वेळ मुख्यतः संथ हातांमुळे जात नाही. तो शोधाशोधीत जातो, वाट पाहण्यात जातो, एकच माहिती चार रजिस्टरांत उतरवण्यात जातो, हातातले काम सोडून दुसऱ्याच्या हाकेला ओ देण्यात जातो. यातले काहीच सिस्टरच्या, वॉर्डबॉयच्या किंवा निवासी डॉक्टरच्या अखत्यारीत नसते. काम कसे रचायचे हे जे ठरवतात त्यांच्या अखत्यारीत ते असते. म्हणून कर्मचाऱ्याला हात जरा भराभर चालवायला सांगणे म्हणजे दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला.

काही वर्षांपूर्वी वडिलांच्या आजारपणात एका रुग्णालयात मी नऊ दिवस बसून होतो. बसून राहणाऱ्याला वॉर्ड जसा दिसतो तसा राउंडला येणाऱ्याला दिसत नाही. एका दुपारी वडिलांचा रक्तदाब पाहायचा होता. सिस्टर यंत्र घ्यायला गेल्या, तर ते शेजारच्या वॉर्डने नेलेले. तिथून आणले तर त्याचा पट्टा फाटलेला, हवा धरेना. नवा पट्टा स्टोअरमध्ये होता, पण इंडेंटवर, म्हणजे साहित्याच्या मागणीपत्रावर, इन्चार्ज सिस्टरची सही हवी होती आणि त्या मीटिंगला गेल्या होत्या. परतताना दोन नातेवाइकांनी वाट अडवली, एकदा फोन वाजला, एका खाटेची सलाईन संपली म्हणून हाक आली. रक्तदाब मोजायला दोन मिनिटेही लागली नाहीत. त्याआधी पंचवीस मिनिटे गेली होती. केस पेपरवर दोन आकडे आणि एक सही उमटली. ती पंचवीस मिनिटे मात्र कुठल्याही रजिस्टरात गेली नाहीत. त्या बाईंना कामचुकार कोण म्हणेल? त्या तर अक्षरशः धावत होत्या.

एका वॉर्डातल्या एका दुपारवर सिद्धान्त उभा करता येत नाही, हे मान्य. पण मोजणी झाली आहे. अमेरिकेतल्या ३६ रुग्णालयांत परिचारिकांचा वेळ कुठे जातो याचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत मोठा वाटा, एक-तृतीयांशाहून थोडा अधिक, नोंदी लिहिण्याचा निघाला. औषधे देण्याचा वेळ वेगळा काढला तर प्रत्यक्ष शुश्रूषेच्या वाट्याला पाचवा हिस्साही आला नव्हता. डॉक्टरांची गोष्ट निराळी नाही. २०१६ साली तिथल्याच बाह्यरुग्ण विभागांतल्या डॉक्टरांबद्दल असे आढळले की रुग्णासमोर घालवलेल्या दर तासामागे जवळजवळ दोन तास संगणकावरच्या नोंदी आणि टेबलावरची कामे खातात. नोंदी निरुपयोगी असतात असे मी म्हणत नाही. दुपारचा डोस गेला की राहिला, हे रात्रपाळीला त्यांतूनच कळते. पण एकच ताप तक्त्यावर, रजिस्टरात, संगणकात आणि ओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना काम सोपवण्याच्या, वहीत असा चार वेळा लिहायला लावून रुग्णाचे काय भले होते? आणि त्या लिहिण्यापायी बेलला उशीर झाला, तर त्या उशिराचा जाब सिस्टरला का विचारायचा?

हे काही आज सुचलेले शहाणपण नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल म्हटले की लोकांना हातातला दिवा आठवतो. मला तिचे पाण्याचे नळ आठवतात. १८५३ साली, क्रिमियाच्या युद्धाला जाण्याआधी, लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली, तेव्हा तिने पहिल्यांदा काय मागितले? प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ, जेवणाची ताटे वर चढवायला पाळणा, आणि कोणत्या रुग्णाने घंटा वाजवली हे परिचारिकेला जागच्या जागी दिसेल अशी सोय. परिचारिकेने जिने चढत-उतरत दिवस घालवला तर ती शुश्रूषा करणार कधी, हा साधा विचार त्यामागे होता. पुढे त्या युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात तिला याहून कडू धडा मिळाला. नोव्हेंबर १८५४मध्ये ती तिथे पोचली. ती आणि तिच्या सहकारी रात्रंदिवस राबल्या, तरी हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५मध्ये ते दर शंभर रुग्णांमागे चाळिसावर होते. मार्चमध्ये स्वच्छता आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, वारा खेळता केला, पाण्याची व्यवस्था सुधारली. जूनपर्यंत हे प्रमाण दोन-तीनवर आले. परिचारिका त्याच होत्या आणि त्यांची निष्ठाही तीच होती. बदलली होती इमारत. सेवाभावाने सगळे भागते असे मानणाऱ्यांनी आणि सेवाभाव कमी पडला म्हणून दटावणाऱ्यांनी, दोघांनीही ही चार महिन्यांची कहाणी नीट वाचावी.

उत्पादकता या शब्दाची ज्यांना शिसारी आहे त्यांच्यासाठी आणखी एक जुना दाखला. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कामाच्या मोजणीचे दोन पंथ होते. फ्रेडरिक टेलर कामगारामागे थांबवघड्याळ घेऊन उभा राहायचा. फ्रँक गिलब्रेथ स्वतः गवंडीकामातून वर आलेला. गवंडी एक वीट लावताना अठरा हालचाली करतो आणि दर विटेला कमरेत वाकतो, हे त्याने पाहिले. त्याने गवंड्याला घाई करायला सांगितले नाही. विटा आणि चुना हाताच्या उंचीवर येतील असा वर-खाली होणारा मचाण केला. हालचाली पाचांच्या आत आल्या आणि वाकणेच संपले. पुढे तो शस्त्रक्रियागृहात गेला. त्या काळी शल्यविशारद बराच वेळ स्वतःच हत्यार शोधत असत. हत्यार सहायकाने थेट त्यांच्या तळहातावर ठेवावे, असे त्याने सुचवले. आज कुठल्याही ओटीत ही रीत इतकी मुरली आहे की ती कोणाला तरी सुचावी लागली होती हेच विसरले गेले. भूल दिलेल्या रुग्णाची त्यात वाचलेली मिनिटे हीसुद्धा उत्पादकताच आहे. तिला नाक मुरडायचे कारण काय?

आता विरोधी बाजूचे मुद्दे. पहिला मुद्दा कामचुकारपणाचा, आणि तो खरा आहे. सही करून निघून जाणारे डॉक्टर असतात, रात्री दोननंतर कुठे दडतात ते न कळणारे कर्मचारी असतात, आणि त्यांचा भार त्याच पाळीतल्या प्रामाणिक माणसावर पडतो. अशांवर कारवाई झालीच पाहिजे. हजेरी चोख ठेवण्याला कोणत्याही न्यायी माणसाचा विरोध असू नये. पण अंगठ्याची हजेरी माणूस इमारतीत आला एवढेच सांगते, आणि कॅमेऱ्यात धावणारी सिस्टर दिसते, ती कशापायी धावते आहे ते दिसत नाही. शिवाय दहांतल्या एकावर नजर ठेवण्यासाठी नवे रजिस्टर निघते, तेव्हा ते भरण्याचे काम उरलेल्या नऊजणांच्याच पदरी येते. ज्याला पळायचे तो तेही भरून पळतो.

यातली दुसरी एक बाजू मला अधिक अस्वस्थ करते. २००३ साली दोन अमेरिकी संशोधकांनी नऊ रुग्णालयांतल्या २६ परिचारिकांच्या मागे जवळजवळ २४० तास राहून निरीक्षण केले. चादरी नाहीत, औषध आले नाही, यंत्र बंद आहे, असल्या अडचणी सतत येत होत्या. दहांपैकी नऊहून अधिक वेळा परिचारिकांनी कुठून तरी वस्तू पैदा केली, वेळ निभावून नेली आणि पुढच्या रुग्णाकडे वळल्या. अडचण का आली हे वर कोणाला कळलेच नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. म्हणजे व्यवस्थेतला दोष सर्वांत चांगला झाकला जातो तो सर्वांत कष्टाळू माणसाकडून. आपण तिला गुणवंत कर्मचारी म्हणून प्रमाणपत्र देतो, आणि दोष तसाच राहतो. ट्रॉलीचे चाक अडते म्हणून एखाद्या मावशीने तीनदा सांगून पाहिले आणि काहीच झाले नाही, तर चौथ्यांदा ती सांगत नाही. ट्रॉली ओढत नेते किंवा न्यायचे टाळते. वरून पाहणाऱ्याला त्या टाळण्यात आळस दिसतो. सुरुवात कुठे झाली, ते कोण शोधणार?

दुसरा मुद्दा उद्दिष्टांचा. उद्दिष्टे दिली की कामे होतात, हा दावा मी उडवून लावणार नाही. इंग्लंडमध्ये अपघात विभागात आलेल्या रुग्णाचा निकाल चार तासांत लावायचे बंधन २००४च्या सुमारास कडक केले गेले, आणि लोकांचे तासन्‌तास ताटकळणे खरोखर कमी झाले. पण त्याच आकड्यांत असेही दिसले की चार तास भरायच्या अगदी आधीच्या मिनिटांत रुग्ण हलवण्याची झुंबड उडते. घड्याळ उपचाराची दिशा ठरवू लागले होते. याच देशातल्या स्टॅफर्डच्या रुग्णालयात या वृत्तीचे टोक गाठले गेले. २००५ ते २००९ या काळात तिथल्या व्यवस्थापनाचे लक्ष ताळेबंद, उद्दिष्टे आणि वरचा दर्जा मिळवण्याकडे होते; खर्च आवरण्यासाठी पदे कापली गेली. वॉर्डात रुग्णांना पाणी मिळत नव्हते, ते घाण झालेल्या अंथरुणात पडून राहत होते, नातेवाईक तक्रारी करून थकत होते. आणि २००८च्या फेब्रुवारीत या रुग्णालयाला तो वरचा दर्जा मिळालासुद्धा. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल २०१३मध्ये आला, त्यात २९० शिफारशी होत्या. कागदावर उत्पादक ठरलेले रुग्णालय आतून असे असू शकते. तेव्हा उत्पादकता मोजताना आपण नेमके मोजतो काय?

बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. त्यांचे म्हणणे साधे होते: प्रत्येक रुग्णाचा वर्षभर पाठपुरावा करा, उपचाराचा गुण आला का पाहा, नसेल आला तर का नाही ते लिहून ठेवा आणि जाहीर करा. सहकाऱ्यांना हे रुचले नाही. १९१४मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधली जागा सोडली. स्वतः काढलेल्या छोट्या रुग्णालयात मात्र त्यांनी आपल्या चुका छापून प्रसिद्ध केल्या. आजही बहुतेक ठिकाणी मोजले जाते ते काय? किती रुग्ण तपासले, किती खाटा भरल्या, किती शस्त्रक्रिया झाल्या. घाईने घरी पाठवलेला रुग्ण आठव्या दिवशी जखम चिघळून परत आला, तर कारखान्यात ज्याला परत आलेला माल म्हणून तोट्यात टाकतील, तो इथे आणखी एक भरती म्हणून जमेत धरला जातो. या मोजपट्टीने सर्वांत निष्काळजी वॉर्ड सर्वांत उत्पादक ठरू शकतो. रुग्ण बरा होऊन गेला आणि त्याच कारणासाठी परत यावे लागले नाही, हे एकक धरले तर सगळा हिशेबच पालटतो. मग शेवटच्या दिवशी औषधे कशी घ्यायची हे समजावून सांगण्यात घालवलेली दहा मिनिटे वाया गेलेली दिसत नाहीत.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. ही सगळी सबब झाली, काही रुग्णालये तेवढ्याच मनुष्यबळात कितीतरी पट काम करून दाखवतात, असे म्हणणाऱ्यांकडे अरविंद नेत्र रुग्णालयाचे उदाहरण आहे आणि ते खणखणीत आहे. निवृत्तीनंतर डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६मध्ये मदुराईत ११ खाटांवर ते सुरू केले. तिथला एक शल्यविशारद वर्षाला मोतीबिंदूच्या दोन हजारांवर शस्त्रक्रिया करतो, आणि मोठ्या संख्येने रुग्णांवर मोफत किंवा नाममात्र शुल्कात उपचार होतात. पण हे होते कसे? एका शल्यविशारदाला दोन टेबले असतात. एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरचा रुग्ण तयार असतो, हत्यारांचा संच मांडलेला असतो. डोळ्यांची मोजमापे, पूर्वतयारी, रुग्णाची समजूत घालणे ही कामे त्यासाठीच नीट प्रशिक्षण दिलेल्या मुली करतात. शल्यविशारदाचा हात घाई करत नाही. दोन रुग्णांमधले त्याचे थांबणे काढून टाकले आहे. मला सांगायचे आहे ते याहून वेगळे काय आहे? एक फरक तेवढा ध्यानात ठेवावा लागतो. मोतीबिंदू ही ठरवून, आदल्या दिवशी यादी लावून करता येणारी शस्त्रक्रिया आहे. तापाच्या वॉर्डात किंवा अपघात विभागात पुढच्या दाराने काय येईल हे कोणालाच माहीत नसते. तिथे अरविंदचा आकडा भिंतीवर लावून उपयोग नाही, पद्धत तेवढी नेता येईल.

जिथे काय येईल ते माहीत नसते, तिथे एका गणिताकडे दुर्लक्ष करून चालत नाही, आणि या विषयावरच्या चर्चेत सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होते. १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या गणितज्ञाने फोनच्या वाहतुकीवरचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. किती फोन केव्हा येतील हे ठरलेले नसते, मग मार्ग आणि ऑपरेटर किती ठेवायचे, हा प्रश्न त्याला पडला होता. त्यातून वाढलेले रांगांचे शास्त्र सांगते की काम अनियमित येत असेल तर माणूस जितका पूर्ण गुंतलेला, तितकी रांग वेड्यासारखी लांबते. सर्वांत साधी मांडणी घ्या: काम करणारा एक, येणारे केव्हाही येणार. तो ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर येणाऱ्याला सरासरी एका कामाला लागतो त्याच्या चौपट वेळ थांबावे लागते. ९० टक्क्यांवर ते नऊपट होते आणि ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. म्हणजे शेवटचा पंधरा टक्के मोकळा वेळ पिळून काढला की थांबणे जवळजवळ पाच पटींनी वाढते. खाटांचेही तेच, ८५ टक्क्यांच्या पुढे खाटा भरल्या की तातडीच्या रुग्णाला जागा न मिळण्याचा धोका दिसू लागतो, हे १९९९ साली ब्रिटिश संशोधकांनी गणिती प्रतिमानातून मांडले. आता विचार करा, पहाटे तीन वाजता आयसीयूतली सिस्टर दहा मिनिटे खुर्चीत बसलेली दिसली म्हणून जो पाहणारा ते आपल्या वहीत टिपतो, तो नेमके काय टिपतो आहे? त्या दहा मिनिटांमुळेच साडेतीनला मॉनिटर वाजला तेव्हा ती अर्ध्या मिनिटात खाटेपाशी होती. तिच्या बसण्याला रिकामपण म्हणणाऱ्याने हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे.

मग माणसे वाढवा म्हणजे झाले, असे दुसरा तट म्हणेल. त्याच्या बाजूने मोठा पुरावा आहे आणि तो मी पूर्णपणे मानतो. २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या अभ्यासात दिसले की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळते. २०१४मध्ये युरोपातल्या नऊ देशांत जवळजवळ तोच आकडा निघाला. कॅलिफोर्नियाने १९९९मध्ये कायदा करून २००४पासून परिचारिकेमागे किती रुग्ण याची मर्यादा घालून दिली, ती याच विचाराने. तरीही जिथे जागा मंजूर असून माणसे मिळत नाहीत, तिथे नुसते प्रमाण ठरवून वॉर्ड भरत नाही; २०३०पर्यंत जगात एक कोटीहून अधिक आरोग्य कर्मचारी कमी पडतील असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि माझ्या वडिलांच्या वॉर्डात आणखी दोन सिस्टर दिल्या असत्या, तर त्या फाटक्या पट्ट्याच्या मागे एकीऐवजी तिघी फिरल्या असत्या. माणसे हवीतच. पण आहेत त्यांचा वेळ वाचवण्याची जबाबदारी त्या मागणीआड लपवता येणार नाही.

वेळ वाचवणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण सगळ्यांना अर्धवट माहीत असते. अतिदक्षता विभागात मोठ्या शिरेत नळी घालताना होणारा जंतुसंसर्ग पाच साध्या गोष्टींच्या यादीने कसा आटोक्यात आला, ही जॉन्स हॉपकिन्सच्या पीटर प्रोनोव्होस्ट यांची गोष्ट. मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये ती पद्धत वापरली आणि २००६च्या निष्कर्षांनुसार संसर्गाचा मध्यक दर शून्यावर आला, म्हणजे निदान निम्म्या विभागांत तो शून्य होता. यादी सर्वांच्या लक्षात राहिली. गाडा विसरला गेला. त्यांच्या मूळ रुग्णालयात ही नळी घालण्याचे साहित्य गोळा करायला आठ ठिकाणी जावे लागे. मग घाईत एखादी निर्जंतुक चादर राहून जायची, आणि दोष मात्र डॉक्टरच्या निष्काळजीपणाला. त्यांनी सगळे साहित्य एका गाड्यावर लावून ठेवले. दुसरी गोष्ट, डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर प्रक्रिया थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला आणि वरिष्ठ तिच्या पाठीशी उभे राहिले. ज्या रुग्णालयांना फक्त यादी छापून भिंतीवर चिकटवायची आहे, त्यांच्यासाठी ती आणखी एक भरायचा कागद ठरते.

तासांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथला पुरावा वजनदार आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाचे तास कमी केले तेव्हा एकूण उत्पादन घटले नाही, काही कामांत वाढले. देश युद्धात असताना, तोफगोळ्यांची निकड असताना हे समजले. २००४मध्ये अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांच्या चोवीस तासांवरच्या ड्युट्या तोडून पाहिल्या. जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त होत होत्या. सिडनीच्या दोन रुग्णालयांत औषधे देताना परिचारिकेला मध्येच थांबवले गेले की दर व्यत्ययामागे चुकांची शक्यता सुमारे १२ टक्क्यांनी वाढते असे आढळले. हे माहीत असूनही औषधांच्या ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या सिस्टरला फोन घ्यायला लावणारे आपण, तिच्याकडून अधिक कामाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करतो?

शेवटचा प्रश्न विश्वासाचा आहे आणि तो सर्वांत अवघड आहे. काम सोपे करण्याची एखादी युक्ती कर्मचाऱ्यालाच सुचली, त्यातून रोज तासभर वाचला, तर तो तास कोणाचा? तो वाचला म्हणून एक पद कमी होणार असेल, किंवा त्यात आणखी चार रुग्ण कोंबले जाणार असतील, तर युक्ती सांगण्याइतका वेडा कोणी नसतो. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००२मध्ये टोयोटा या मोटार कंपनीची, वाया जाणारा वेळ आणि श्रम काढून टाकण्याची, कामाची पद्धत स्वीकारली. त्यासोबत या सुधारणांपायी कोणाचीही नोकरी जाणार नाही, असे वचन देण्यात आले. मला वाटते, तिथल्या सगळ्या तक्त्यांपेक्षा आणि आकृत्यांपेक्षा या वचनाचे मोल अधिक होते. नोकरी सोडून जाणाऱ्यांचाही यात विचार हवा. हेन्री फोर्डला १९१३मध्ये सुमारे १४ हजार कामगार टिकवण्यासाठी वर्षभरात ५० हजारांवर माणसे भरती करावी लागली. पुढच्या जानेवारीत त्याने मजुरी दुपटीच्या आसपास नेली आणि दिवस नऊ तासांवरून आठवर आणला, तेव्हा ही गळती झपाट्याने घटली. तिथे तर पट्ट्यावरचे काम होते, नवा माणूस आठवड्यात शिकत असे. आयसीयूत तयार झालेली सिस्टर दुसऱ्या वर्षी निघून जाते तेव्हा तिच्यासोबत काय गेले, ते कोणत्या उत्पादकतेच्या तक्त्यात येते?

ज्या व्यवस्थापकाला हे पटत नसेल त्याने कॅमेऱ्यांचा खर्च करण्याआधी तीन दिवस काढावेत. सकाळच्या ओव्हरपासून दुपारच्या ओव्हरपर्यंत एका सिस्टरच्या मागे वही घेऊन चालावे. तिने काम किती वेळात केले हे लिहू नये. ती कुठे थांबली, काय शोधले, कोणाच्या सहीसाठी खोळंबली, कोणत्या नोंदी दुसऱ्यांदा लिहिल्या, किती जणांनी हाक मारून थांबवले, एवढेच लिहावे. पहिल्या दिवशी ती बिचकेल, वही पाहून सावध वागेल. दुसऱ्या दिवशी कामाच्या ओघात विसरेल. तिसऱ्या दिवशी स्वतःच सांगू लागेल, की हेही लिहा, हे दोन वर्षांपासून असेच आहे. त्या वहीतल्या निदान दोन-तीन गोष्टी महिन्याभरात दुरुस्त झालेल्या तिला दिसायला हव्यात. नाहीतर पुढच्या वेळी विचारले तर ती म्हणेल, सगळे ठीक आहे, आणि ट्रॉली ओढत पुढे जाईल.